हत्तरगुंजीसकट सगळी गावं परत

खानापूरच्या एका डीटीपी सेंटरमधून सकाळीच फोन आला. "दादा, रायटर खुळ्यागत करायलंय. लवकर या की."

दिवस वार्षिक सभांचे. एका पतसंस्थेचा अहवाल संध्याकाळपर्यंत बेळगावला छपाईला जायचा होता. इकडे लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर, रायटर हा त्यातलाच मजकूर लिहायचा प्रोग्राम) उघडलं की टूलबार गायब, कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह होईना, नव्या फाइलीत मराठी भलत्याच फॉन्टमध्ये उमटायची. आदल्या रात्री पावसात वीज गेली तेव्हा प्रोग्राम उघडाच होता. कुणीतरी व्हायरस ठरवून विंडोज फॉरमॅट मारायला सांगितलेलं. सेंटरमधल्या ताईंनी लिब्रेऑफिस काढून पुन्हा टाकूनही बघितलं होतं. फरक शून्य.

मला खूण तिथंच पटली. प्रोग्राम काढला तरी युजर प्रोफाइल, म्हणजे आपली सेटिंग आणि साठवलेले शब्द असलेलं फोल्डर, जागेवरच राहतं आणि नवीन इन्स्टॉलेशन तेच वाचतं. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू केलं. तिथं तात्पुरतं, कोरं प्रोफाइल वापरलं जातं. टूलबार जागच्या जागी, सेव्हही होतंय. बिघाड सेटिंगमध्येच होता.

त्याच खिडकीत अख्खं प्रोफाइल रिसेट करायची सोय आहे, पण ती मी एकदम वापरत नाही. ताई म्हणाल्या, "माझी गावं जातील काय हो?" प्रश्न अगदी बरोबर होता. स्पेलचेकला माहीत नसलेली गावांची नावं आणि शब्द त्या वर्षानुवर्षं 'ॲड टू डिक्शनरी' करत आल्या होत्या.

सगळं बंद केलं. टास्क मॅनेजरमध्ये एसऑफिस (लिब्रेऑफिसचंच तिथलं नाव) मागं चालू राहिलं नाही ना, ते पाहिलं. विंडोजमधल्या ॲपडेटा फोल्डरच्या रोमिंगमध्ये लिब्रेऑफिस, त्यात ४ नावाचं फोल्डर (आवृत्ती कितीही नवी असो, हा आकडा ४ च), त्यात 'युजर'. ते पुसलं नाही. नाव बदलून 'युजर-जुना' केलं. प्रोग्राम सुरू करताच नवं 'युजर' आपोआप तयार झालं. परत बंद करून जुन्यातली दोनच फोल्डरं नव्यात आणली: वर्डबुक (त्यात ॲड केलेले शब्द) आणि ऑटोटेक्स्ट (त्यात छोट्या खुणेवर उमटणारे तयार मजकूर). सेटिंगची रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स फाइल मुद्दाम जुन्यातच ठेवली. घोळ त्यातलाच असणार.

वर्डबुकमधली स्टँडर्ड डिक्शनरी साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून ताईंना दाखवली. एकाखाली एक नावं: नंदगड, जांबोटी, कणकुंबी, हत्तरगुंजी, येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव. मध्येच आडनावं, पतसंस्थेच्या ठरावातले शब्द. सीमाभागातली ही नावं कुठल्या तयार शब्दकोशात मिळणार? फॉरमॅटमध्ये ही यादी गेली असती तर मला फार वाईट वाटलं असतं.

ऑप्शन्समधल्या लँग्वेजेसमध्ये मराठी पुन्हा निवडावी लागली, फॉन्टही लावून दिला. मग ताईंनी 'लप' टाइप करून एफ-३ दाबलं आणि लग्नपत्रिकेचा अख्खा मायना उमटला.

अहवाल दुपारच्या बसनं बेळगावला गेला. वर्डबुक आणि ऑटोटेक्स्टची प्रत आता ताईंच्या पेन ड्राइव्हवर असते, आणि महिन्याच्या हिशेबाबरोबर त्या ती नवी करतात.