क्रे फील्ड्स, पाचवी स्टेट: काळोखाला टक्कल पडलं

इंग्रज चित्रकार ग्रॅहम सदरलंडच्या ‘क्रे फील्ड्स’ या एचिंगची (तांब्याच्या प्लेटवर रसायनाने रेषा खोदून काढलेल्या छापाची) मी नक्कल करतेय. चौथ्या स्टेटला, म्हणजे प्लेटमध्ये बदल करत काढलेल्या चौथ्या आवृत्तीला, थांबले असते तर आज शांत झोपले असते. पण हात शिवशिवत होते. डावीकडची झाडी अजून गडद हवी म्हणून रविवारी प्लेट परत फेरिकमध्ये (तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात) घातली, ४० मिनिटं. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढला तर जिथे काळंकुट्ट यायला हवं तिथेच राखाडी टक्कल! करंगळीच्या नखाएवढं, पण नजर सारखी तिथेच जाते.

भिंग लावून पाहिलं. क्रॉसहॅचच्या (एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या जाळीच्या) तिन्ही थरांमधले तांब्याचे बांध फुटलेत. खाचरांचे बांध गेले की सगळं एकच तळं होतं ना, अगदी तसं. अरुंद खाचेत शाई धरून राहते. इथे झालाय सपाट तळाचा खळगा, त्यातली शाई मलमलीच्या पहिल्याच हाताला निघून येते. बाइट, म्हणजे फेरिकचं चावणं, वाढवला आणि काळा घालवला.

याला थोडा जबाबदार खुद्द सदरलंडही आहे. १९२५ साली त्याने ही प्लेट केली तेव्हा तो २१-२२ वर्षांचा होता, लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये शिकत होता. आदल्या वर्षी त्याच्या मित्राला, लार्किन्सला, चेरिंग क्रॉस रोडवरच्या दुकानात एकोणिसाव्या शतकातल्या सॅम्युएल पामरचं ‘हर्ड्समन्स कॉटेज’ हे एचिंग सापडलं आणि ही सगळी पोरं खुळावली. प्लेट रेषांनी इतकी खच्चून भरलेली, तरी आतून उजेड येतो, हे त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. ओव्हरबाइट करू नका असं आम्हाला सतत बजावलं जायचं, तरी आम्ही केलं आणि बर्निशरने (तांबं गुळगुळीत करायच्या हत्याराने) घासत असंख्य स्टेट काढल्या, तांब्याचे हाल केल्याचं काही वाईट वाटलं नाही, अशा अर्थाचं त्यानेच पुढे लिहिलंय. हे वाचून मी बेफिकीर झाले. त्यातला ‘बर्निशरने घासत’ हा भाग मात्र सोयीस्करपणे विसरले.

बरं, आधीचे तीन बाइट छान झाले होते, मग हाच का बिघडला? एक तर ते थंडीत केले होते, आता मे महिना, गच्चीवरच्या ट्रेला हात लावला तर कोमट. दुसरं, फेरिकची बाटली नवी. लेबलवर ४२ बोमे (द्रवाच्या दाटपणाचं माप), ते मोजणारा हायड्रोमीटर म्हणतो ३६. पातळ आहे तर हळू चावेल असं वाटतं ना? उलट. दाट फेरिकपेक्षा ते झपाट्याने चावतं. दुकानदाराला फोन केला तर “मॅडम, सगळे हेच नेतात.” असो. यापुढे बाटली आली की आधी हायड्रोमीटर, मग पैसे.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली, ती सांगू दे. सूर्य आणि त्याचे किरण! किरणांमधल्या फटी पहिल्या बाइटनंतर लगेच स्टॉप-आउट केल्या होत्या (फेरिक पुढे चावू नये म्हणून झाकल्या होत्या) आणि शाई पुसताना शेवटचा हात तळव्याने, किंचित खडूची पूड लावून फिरवला. आता तिथला कागद खरंच उजळतो. प्रूफ हातकागद संस्थेच्या कागदावरच काढतेय, महागडा जर्मन कागद शेवटच्या स्टेटसाठी राखून ठेवलाय.

आता टकलाचं काय? ॲक्वाटिंट (राळेच्या कणांनी सलग छटा आणायची रीत) टाकून तासाभरात काळं करता येईल, पण त्या रेषांच्या गर्दीत ते ठिगळ ओरडेल. म्हणून ठरवलं की सगळं खरवडायचं, बर्निश करायचं आणि जो खड्डा पडेल तो मागून ठोकून वर आणायचा. त्यासाठी शनिवारी तांबट आळीत गेले. मठारकाम (तांब्यावर हातोडीने ठोके द्यायचं काम) करणाऱ्या काकांनी प्लेटवरून अंगठा फिरवला, उलटी केली, परत फिरवला.

“पत्रा चांगला होता की हो.”

“होता.”

“ठोकून देतो. पण हा खड्डा एवढासा, उथळ. कशाला उगाच पत्रा दुखवता?”

घरी येताना रिक्षात बसल्याबसल्या ते डोक्यात घोळत राहिलं. खरंच, कशाला? तळ सपाट आहे, म्हणजे नव्या रेषांसाठी जागा तयारच आहे. खळग्यात पुन्हा हार्ड ग्राउंड (फेरिक अडवणारा मेणाचा थर) द्यायचं, आत बारीक, एकेरी हॅच ओढायचं आणि फक्त आठ मिनिटांचा बाइट. जुन्या एचरांचा हाच उतारा, आणि माझ्या डोक्यात हातोडीच बसली होती. खरवडणं रद्द.

आधी करून पाहायला, कापून उरलेल्या तांब्याच्या १८ गेजच्या पट्टीवर मुद्दाम तसंच टक्कल पाडून ठेवलंय. ग्राउंड सुकतंय. उद्या पहाटे, ऊन चढायच्या आत, पट्टी ट्रेमध्ये जाईल. काकांनी पैसे घेतले नाहीत, त्यामुळे पहिला बरा प्रूफ त्यांना द्यायचाय.