गरम गाडी चालू होत नाही? आधी पेट्रोल कुठे अडलंय ते बघा

व्हेपर लॉक, म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, म्हटलं की एक हात पाण्याच्या बाटलीकडे जातो आणि दुसरा पाइपाला गुंडाळायच्या चकचकीत फॉइलकडे. दोन्हींचा थोडाफार उपयोग होतो. पण कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत दुखणं नुसत्या उष्णतेचं नसतं, पंपाच्या ओढीचंही असतं.

पेट्रोल हे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक साधारण 35-40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, जड घटकांना 200 अंशांच्या आसपास जावं लागतं. इंजिनावर बसवलेला मेकॅनिकल पंप (एसी पंप) टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे टाकी ते पंप या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. दाब कमी म्हणजे उकळणं लवकर. तोच पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून नेणाऱ्या तापत्या नळ्यांच्या) शेजारून गेला की आत वाफ धरते, आणि पंपाचा डायफ्रॅम (वरखाली होणारा पडदा) पेट्रोल ढकलायचं सोडून वाफच दाबत-सोडत बसतो. टाकीतली जाळी किंवा पंपाआधीचा फिल्टर तुंबला असेल तर ओढ वाढते आणि वाफ आणखी लवकर होते. समुद्रसपाटीपासून 1000 मीटरवर हवेचा दाबच सुमारे 10 टक्क्यांनी कमी असतो, म्हणून चढावर हा त्रास जास्त. पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळलं तरी बाष्पदाब थोडा वाढतो, म्हणजे वाफ जरा लवकर होते.

इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि पुढची 10 ते 20 मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढत जातं. गाडी नेमकी तेव्हाच रुसते.

पण तेव्हा रुसलेली प्रत्येक गाडी व्हेपर लॉकचीच असते असं नाही. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे. धार नाही म्हणजे पेट्रोल वर पोचतच नाही: वाफ, तुंबलेला फिल्टर किंवा मेलेला पंप. धार आहे, शिवाय आत ओलं आहे आणि वास उग्र आहे, तर चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनाकडे जाणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये सांडलंय, म्हणजे गाडी ओव्हर झाली आहे. हा आजार व्हेपर लॉकच्या बरोबर उलटा. इथे ऍक्सिलरेटर पंप करू नका; तो तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. धार ठीक आणि ओव्हरही नाही, तर स्पार्क तपासा. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल हुबेहूब अशीच वागते. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरळीत चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

व्हेपर लॉक ठरलंच तर बॉनेट उघडा आणि 20-30 मिनिटं थांबा. घाई असेल तर ओलं फडकं पंपावर आणि पाइपावर ठेवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा काचेच्या फिल्टरवर गार पाणी ओतू नका, तडकतात. सेल्फ 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर जाऊ द्या. पाइपाला लाकडी चिमटे लावण्याचा जुना तोडगाही ऐकायला मिळतो; त्यावर वेळ घालवू नये.

कायमच्या इलाजाची सुरुवात स्वस्तातून करा. जाळी साफ, फिल्टर नवा, आणि ओढीच्या बाजूचे जुने होज क्लिपांसकट बदला. भेग पडलेला होज बाहेर गळत नाही, आत हवा ओढतो, म्हणून नजरेतून सुटतो. टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) मागे पडलं असेल तर एक्झॉस्ट विनाकारण तापतो, तेही बघा. मग पाइप मॅनिफोल्डपासून लांब न्या. जागा नसेल तर मध्ये पत्रा लावा, पण पाइप आणि पत्रा यांत हवेची फट हवीच. पेट्रोल उकळून सांडत असेल तर कार्बोरेटरखाली 6 ते 10 मिमीचा बेकेलाइट स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) घाला, दोन्ही बाजूंना गॅस्केट. स्टड लांब लागतील, आणि एअर फिल्टर बॉनेटला टेकत नाही ना, ते आधी मोजा.

सगळ्यांत उपयोगी म्हणजे रिटर्न लाइन, टाकीकडे परत जाणारा पाइप. कार्बोरेटरच्या अलीकडे तीन तोंडांचा फिल्टर बसवा, रिटर्नचं तोंड वरच्या बाजूला ठेवा (वाफ वर जमते) आणि त्यात 1 ते 1.5 मिमीचं भोक असू द्या. पेट्रोल फिरतं राहतं आणि वाफ टाकीत परत जाते.

तरीही भागलं नाही तर इलेक्ट्रिक पंप, तोही टाकीजवळ, पेट्रोलच्या पातळीखाली. मग लांबचा पाइप ओढीखाली न राहता दाबाखाली येतो. दाब 2.5 ते 4 पीएसआय पुरे. जास्त झाला तर फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह धरत नाही. वायरिंगमध्ये ऑइल प्रेशर स्विच घाला, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. जुना एसी पंप काढून त्या जागी पट्टी लावा. तो तसाच ठेवला आणि त्याचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि दाब 3 बारच्या आसपास, म्हणून हा त्रास विरळा. गरम असताना वेळ घेत असेल तर चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, ऑफ करा, असं दोनदा-तीनदा करून मग सेल्फ मारा. त्याने चालू झाली, तर बंद केल्यावर लाइनमध्ये दाब टिकत नाही असं धरून पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) आणि गळका इंजेक्टर तपासा.