क्षमा आणि फिर्याद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. आम्हा ख्रिस्ती लोकांत मात्र या म्हणीला शास्त्रवचनाचा आधार दिला जातो. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जागेविषयी, हिशेबाविषयी किंवा एखाद्या पदाधिकाऱ्याच्या वर्तनाविषयी कोणी लेखी तक्रार करतो म्हटले, की बायबलातल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय पुढे केला जातो आणि भावाने भावावर फिर्याद करणे हाच मोठा अपराध ठरतो. तक्रार करणारा गप्प होतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तो पुढच्या रविवारी नेहमीच्या बाकावर येऊन बसतो. हे शास्त्राला धरून आहे असे मला वाटत नाही.

त्या अध्यायात पौल रोजच्या व्यवहारातल्या किरकोळ तंट्यांविषयी बोलत आहे. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, हा त्याचा प्रश्न स्वतःच्या नुकसानीसाठी भांडणाऱ्याला आहे, आणि लगेच पुढच्या वचनात तो अन्याय करणाऱ्यांना, आपल्याच भावांना लुबाडणाऱ्यांना फटकारतो. हे पुढचे वचन आमच्या सभांमध्ये फारसे वाचले जात नाही. माझे स्वतःचे पैसे मी खुशाल सोडून द्यावेत. पण मंडळीतल्या विधवांसाठी ठेवलेले पैसे सोडून देण्याचा अधिकार मला कोणी दिला?

खुद्द पौल कसा वागला, ते बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सविस्तर आले आहे. फिलिप्पै शहरात एका दासीच्या धन्यांची कमाई बुडाली, म्हणून त्यांनी पौल आणि त्याचा सहकारी सीला यांना चौकात ओढत नेले. अधिकाऱ्यांनी चौकशी न करता त्यांना उघड्या अंगावर छड्या मारवल्या आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले. त्याच रात्री भूकंप झाला, तुरुंगाची दारे उघडली, आणि कैदी पळाले असे समजून स्वतःचा जीव घ्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला पौलाने वाचवले. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, की या माणसांना सोडून द्या. इथे पौल मुकाट्याने निघून गेला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. परंतु तो हलला नाही. आम्ही रोमी नागरिक असताना आम्हाला चौकशीवाचून चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. अधिकारी घाबरले आणि स्वतः येऊन त्यांची मनधरणी करू लागले. पौलाच्या पाठीवरचे वळ त्यामुळे मिटले नसतील. पण तिथल्या लुदिया नावाच्या विश्वासी बाईच्या घरी जमणाऱ्या नव्या, दुबळ्या मंडळीवर हात टाकण्याआधी त्या अधिकाऱ्यांनी यापुढे दोनदा विचार केला असावा, असे मला वाटते. पुढे कैसरियात रोमी सुभेदार फेस्तासमोर त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली, तेव्हाही मरणदंडास योग्य असे काही आपण केले असेल, तर मरायला आपली ना नाही, हे त्याने आधी सांगितले. कायद्याचा आधार घेणाऱ्याने कायद्याला स्वतः बांधून घेणेही त्यात आले.

दुसरा गाल पुढे करण्याच्या शिकवणीचे काय, असे कोणी विचारील. ज्याने ती शिकवण दिली, त्या येशूला महायाजकासमोर चपराक बसली तेव्हा त्याने उलट हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. सूड नको, पण जाब विचारायचा, ही वाट तिथेच दिसते. आपल्या देशात ग्लॅडिस स्टेन्स याच वाटेने गेल्या. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम, आणि दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि खटला आपल्या मार्गाने चालत राहिला. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली. क्षमा त्यांनी दिली, शिक्षा न्यायालयाने दिली, आणि या दोन्हींत मला विरोध दिसत नाही.

आता आपल्या घरातले पाहू. मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात उभ्या केलेल्या शाळा, दवाखाने आणि मिशन कंपाउंडांच्या जागा आज शहरांच्या मध्यावर आल्या आहेत आणि त्यांवर अनेकांचा डोळा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाची स्थावर मिळकत कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, आणि ठरावीक मुदतीपलीकडे भाड्यानेही देता येत नाही. न्यासाच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा, उतारा मागवला, की नोंदीवर विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत आणि कोणती मिळकत दाखवली आहे, हे समजते. कैक ठिकाणी दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली असतात, आणि सह्या करणारे मात्र भलतेच असतात. तो उतारा काढणे म्हणजे मंडळीशी वैर करणे नव्हे. ज्यांच्या वर्गणीतून ती वास्तू उभी राहिली, त्यांच्या नातवंडांचा तो हक्क आहे, आणि मला तर ते कर्तव्यच वाटते.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर मंडळीच्या पंचांनी बसून काही ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला समजेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले, तर एक वर्षापर्यंत. शाबाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या, शिक्षिकेला, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि पाळकसाहेबांना हे कलम सारखेच लागू आहे. समेट, समुपदेशन, प्रार्थना यांना पुढे वेळ आहे. पोलिसांना मात्र त्याच दिवशी कळवावे.