ओढ्याकाठी आमच्या प्रेसच्या गोण्या सापडल्या तेव्हा (माझा अनुभव)

आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे आणि खरं सांगते, कचऱ्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी एक टेम्पोवाला यायचा, कागदाची कात्रणं, शाईचे डबे, वॉशने (शाई पुसायच्या सॉल्व्हंटने) भिजलेल्या चिंध्या, वापरलेल्या डेव्हलपरचे (छपाईची प्लेट तयार करायच्या केमिकलचे) कॅन, सगळं एकत्र कोंबून न्यायचा, रोख पैसे घ्यायचा, पावती वगैरे काही नाही. गाडी गेटबाहेर पडली की आपला संबंध संपला असंच डोक्यात.

मग नोटीस आली. एका ओढ्याकाठी गोण्या टाकलेल्या सापडल्या होत्या आणि त्यात आमची जॉबकार्ड्स, खराब निघालेल्या छपाईचे गठ्ठे, म्हणजे नाव पत्ता फोन सगळं आमचंच. टेम्पोवाल्याचं नाव कुठेच नाही, आणि त्याचा फोन बंद! मी तावातावाने नोटीस पाठवणाऱ्या ऑफिसात गेले की अहो आम्ही पैसे देऊन कचरा दिलाय, टाकला त्याने, त्याला धरा. तिथल्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याच्याकडे परवाना होता का, काय आणि किती दिलंत त्याची नोंद आहे का, शेवटी ते कुठे जाणार होतं. तिन्ही वेळा मी गप्प. मग त्या म्हणाल्या की कंत्राटदार लावला तरी कचरा ज्याच्याकडे तयार झाला त्याची जबाबदारी जात नाही, तो परवानाधारकाकडेच जातोय ना हे बघणं तुमचं काम. तिथली साफसफाई शेवटी आम्हीच करून दिली, खर्चाचं नको विचारू कोणी.

नंतर कामाला लागलो. पहिलं म्हणजे वेगळं करणं. मला कल्पनाच नव्हती की साध्या कात्रणांत सॉल्व्हंटच्या चिंध्या मिसळल्या की तो सगळा ढीग घातक कचऱ्यात मोजला जाऊ शकतो, म्हणजे रद्दीवाल्याने आनंदाने नेलं असतं तेही आपण स्वतःच्या हाताने महाग करून ठेवतो. डेव्हलपर जोरदार अल्कली असतो, तो मोरीत ओतायचाच नाही, त्याचे कॅन वेगळे. चिंध्या झाकणवाल्या लोखंडी डब्यात, कारण वाळणाऱ्या तेलाच्या शाईने माखलेल्या चिंध्यांचा ढीग हवेशी प्रक्रिया होऊन आतून तापतो आणि स्वतःहून पेटूही शकतो. आमच्या मशिनवरच्या काकांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं बस. प्रत्येक डब्यावर आत काय आहे आणि कधीपासून भरतोय याचं लेबल.

मग नवीन कंत्राटदार शोधणं, यात सगळ्यात जास्त वेळ गेला. सगळे परवाना आहे म्हणतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. एकाचा होता पण मुदत संपलेली. दुसऱ्याचा चालू होता पण फक्त रद्दी आणि प्लास्टिकसाठी, केमिकलचं त्यात नावच नाही, आणि तो मला सांगतोय ताई चालतं हो सगळं! आता मी नंबर घेऊन परवाना देणाऱ्या ऑफिसातूनच खात्री करते, फोटोवर जात नाही. मुदत बघायची, कोणत्या प्रकारचा कचरा न्यायची परवानगी आहे ते बघायचं, गाडी त्याची की भाड्याची, आणि तो पुढे दुसऱ्याला देणार असेल तर त्या दुसऱ्याचेही कागद मागायचे, कारण आमच्या टेम्पोवाल्यासारखी माणसं नेमकी याच मधल्या जागेत बसलेली असतात. कोणी बाकीच्यांपेक्षा फारच कमी भाव सांगितला तर मी आता आधी संशय घेते, योग्य ठिकाणी विल्हेवाट लावायला त्यालाही पैसे पडतातच ना. जो ठरवला त्याच्या प्रक्रिया केंद्रावर मी स्वतः जाऊन आले, त्याला जरा विचित्र वाटलं, वाटू दे.

कागदाचं म्हणाल तर माल उचलताना चलन (मालासोबत जाणारी पावती) बनतं, कचऱ्याचं वर्णन (नुसतं 'प्रेसचा कचरा' असं नाही), वजन, डबे किती, गाडी नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. पण खरा महत्त्वाचा कागद नंतर येतो, जिथे माल पोचला त्यांनी मिळाल्याची आणि विल्हेवाट लावल्याची सही करून पाठवलेली प्रत. मॅडम सांगत होत्या की देशादेशांत घातक कचरा नेण्यासाठी १९८९ चा बाझल करार आहे, १९९२ पासून लागू, त्यातही हीच पद्धत, कागद कचऱ्यासोबत फिरतो, ताबा घेणारा प्रत्येकजण सही करतो आणि विल्हेवाट झाली की पाठवणाऱ्याला कळवावं लागतं. मला बरं वाटलं, म्हणजे मी एकटीच कटकट करत नाहीये.

फाईल किती वर्षं ठेवायची ते नियमात दिलेलं असतं, मी तर अजून एकही टाकलेली नाही.

गेल्या महिन्यात डेव्हलपरच्या दोन कॅनची प्रत आली त्यात वजन आमच्या चलनापेक्षा कमी. आधीची मी असती तर बघितलंही नसतं. फोन केला तर कळलं एक कॅन पुढच्या फेरीत नोंदवलाय, म्हटलं ठीक, तसं लेखी पाठवा, ते येईपर्यंत पुढचे डबे गेटच्या आतच राहतील. चार दिवसांनी आलं, मग गाडी भरली.