चेनने दिलेली साक्ष

"मोटर काढून टाका, बॅटरीही काढा आणि साधी सायकल करून द्या," असे काकूंनी सांगितले तेव्हा मोटर बिघडली असावी असे मला प्रथम वाटले. त्यांची इलेक्ट्रिक सायकल गेली दोन वर्षे दुरुस्तीसाठी माझ्याकडेच येते. मागच्या चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, मोटर, पेडलचे दांडे म्हणजे क्रँक ज्यावर फिरते त्या आसात पायांचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर, ३६ व्होल्टची बॅटरी आणि मागे सात गिअर, अशी ती साधी पण नीट जमवलेली गाडी आहे. आवाज येतो का, मध्येच बंद पडते का, असे मी विचारू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "गाडी उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "मला लबाडी करायची नाही, एवढंच."

काकू ६१ वर्षांच्या आहेत. त्या ज्या गटाबरोबर सकाळी सायकल चालवतात तो गट वर्षातून एकदा लांब पल्ल्याची फेरी काढतो आणि फेरी पूर्ण करणाऱ्यांची नावे शेवटी वाचून दाखवतो. ही शर्यत नाही. वेळ मोजली जात नाही, क्रमांक काढले जात नाहीत, बक्षीस दिले जात नाही. यंदा काकूंचे नाव वाचले गेले नाही. कारण विचारल्यावर, मोटर असलेल्यांना कसे धरणार, ती फसवणूकच झाली, असे उत्तर मिळाले आणि मागून कोणीतरी 'आळशांची सायकल' असेही म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज कुठेही चढला नाही. मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीसुद्धा पहिल्या सर्व्हिसिंगला तेच म्हणाला होतात. आता पायांना काय काम उरलं, असं."

मला ते आठवत नव्हते. पण मी तसे म्हटले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण तेव्हा माझे मत तेच होते. तरुणपणी मी हौशी शर्यतींत सायकल चालवली आहे, आणि चढावर दुसऱ्या कशाचाही आधार घेणे म्हणजे पायांशी बेइमानी, ही समजूत तेव्हापासून माझ्यात मुरलेली होती. हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे लोक तज्ज्ञाचे मत म्हणून घरी घेऊन जातात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळले.

मोटर काढण्यापूर्वी सायकल तपासून घेतो, असे सांगून मी ती स्टँडवर चढवली. आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. सायकलच्या झिजेवरून ती चालवणारा कसा आहे हे बरेचसे कळते. कुठला ब्रेकपॅड आधी संपला आहे, सीटचे कातडे कुठल्या बाजूने दबले आहे, मागच्या दातेरी चकत्यांपैकी कुठल्या चकतीचे दाते चकाकत आहेत, यावरून तो उतारावर घाबरतो का, एका पायावर जास्त भार देतो का, गिअर बदलतो की एकाच गिअरवर दामटतो, हे सांगता येते. यात सर्वांत खरे बोलते ती चेन. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. ताण घेऊन घेऊन पिना आणि त्यांच्या बसण्याच्या जागा झिजतात, अंतर केसाकेसाने वाढते आणि चेन लांबते. १० इंचांच्या लांबीत ही वाढ दोन मिलिमीटरच्या जवळ गेली, म्हणजे पाऊण टक्का भरली, की सात-आठ गिअरच्या सायकलची चेन बदलायची, नाहीतर ती चकत्यांचे दातेही खाऊन टाकते. हे मोजायची पट्टी हाताच्या वितीएवढी असते आणि मोजायला दहा सेकंदही लागत नाहीत. तरीही माझा सहकारी ती कधी हातात घेत नाही. तो चेनकडे बघतो आणि बदलतो, किंवा बघतो आणि सोडून देतो. या धंद्यात सर्वांत जास्त नुकसान अशा अंदाजांनीच होते, असे माझे ठाम मत आहे.

काकूंच्या चेनवर मी पट्टी ठेवली आणि पाऊण टक्क्याची खूण पूर्ण आत गेली, म्हणजे चेन तेवढी लांबली होती. डिस्प्लेवर ३,४०० किलोमीटरची नोंद होती. ही चेन मळाने झिजलेली नव्हती, कारण काकू दर पंधरवड्याला ती पुसून तेल घालतात. ती ओढल्यामुळे झिजली होती. आता इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. ज्या सायकलींत मोटर क्रँकपाशी असते, तिथे मोटरचा जोर चेनमधूनच मागच्या चाकाकडे जातो, त्यामुळे चेन कोणी झिजवली, माणसाने की मोटरने, हे सांगता येत नाही. मागच्या हबमधली मोटर मात्र चाकालाच फिरवते. तिचा जोर आऱ्यांमधून रिमवर जातो आणि चेनला तो स्पर्शही करत नाही. म्हणजे काकूंच्या चेनवरची सगळी झीज त्यांच्या पायांची होती. मी चेन उतरवली, शेजारी नवी चेन टांगली आणि दोन्हींतला फरक त्यांना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे हे मी केलंय?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो, आणि त्या वेळी मला आपण फार चांगले काम केले असे वाटले.

योगायोग असा, की पलीकडच्या स्टँडवर त्याच दिवशी आणखी एक हब मोटरची सायकल होती. ती एका तरुणाची होती आणि डिस्प्लेवर ३,९०० किलोमीटर दिसत होते. चेन कोरडी आणि धुळीने माखलेली होती, पण पट्टीची अर्ध्या टक्क्याची खूणही आत शिरत नव्हती. कारण उघड होते. त्या सायकलला टॉर्क सेन्सर नाही, क्रँकजवळ चुंबकांची एक चकती आहे. टॉर्क सेन्सर पेडलवर किती जोर पडतो ते मोजतो आणि त्या प्रमाणात मोटरला हुकूम देतो. जोर नाही तर मदत नाही. चकतीच्या सेन्सरला मात्र पेडल फिरते आहे एवढेच कळते. पाय हवेत फिरवल्यासारखे फिरवले तरी मोटर ठेवलेल्या पातळीवर ओढत राहते. दोन्ही गाड्यांना लोक एकाच नावाने हाक मारतात आणि एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याबद्दल निकाल देतात. विकणारेही हा फरक गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

"हा खरा आळस," असे मी त्या दुसऱ्या सायकलकडे बोट दाखवून काकूंना म्हणालो. या वाक्याकडे मला पुढे परत यायचे आहे.

काकूंचे समाधान झालेले नव्हते. मोटर नसती तर आपण तोच चढ चढलोच असतो, फक्त जास्त कष्ट पडले असते, आणि ते कष्ट आपण चुकवले, असे त्यांना वाटत होते. माझ्या वर्कशॉपच्या मागे साधारण ४०० मीटरचा, जवळजवळ एकसारखा चढ आहे. दुरुस्त केलेल्या सायकली मी तिथेच चालवून बघतो आणि त्याचा चढाव मी मोजलेला आहे, सहा टक्के. त्यांच्या डिस्प्लेवर चालवणाऱ्याची ताकद वॅटमध्ये दिसण्याची सोय आहे, जी त्यांनी कधी उघडलीच नव्हती. नवी चेन चढवून मी ती सोय सुरू केली आणि दुसरी एक सायकल घेऊन त्यांच्या शेजारून निघालो.

पहिल्या वेळी मदत त्यांच्या नेहमीच्या पातळीवर ठेवली. त्या ताशी सुमारे १० किलोमीटरने चढल्या आणि आकडा ७० वॅटच्या आसपास राहिला. माणूस आणि सायकल मिळून ८२ किलोचे वजन त्या चढावर त्या वेगाने न्यायला एकूण सुमारे १५० वॅट लागतात, म्हणजे जवळपास निम्मी ताकद त्यांची होती. वर पोहोचल्यावर त्यांना धाप लागलेली होती, पण बोलता येत होते. डॉक्टर ज्याला मध्यम तीव्रतेचा व्यायाम म्हणतात त्याची ओळख नेमकी हीच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे सांगते तीही अशाच श्रमांची.

थोडी विश्रांती घेऊन आम्ही पुन्हा खाली आलो आणि या वेळी मदत शून्यावर ठेवली. आकडा पुन्हा ७० वॅटच दाखवत होता. त्यांच्या पायांत जेवढे होते तेवढे त्या दोन्ही वेळा देत होत्या. फरक पडला तो वेगात, जो ताशी पाच किलोमीटरच्याही खाली उतरला. त्या वेगाला सायकलचा तोल राहत नाही, पुढचे चाक हेलकावे खाऊ लागते. शिवाय पेडलचे फेरे मिनिटाला पंचवीसच्याही खाली आले होते. तीच ताकद निम्म्याहून कमी फेऱ्यांत द्यायची, तर प्रत्येक फेऱ्याला दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो आणि तो जोर गुडघ्यावर येतो. अर्ध्या वाटेच्या थोडे पुढे त्या उतरल्या आणि गुडघा धरून उभ्या राहिल्या. मोटर आणि बॅटरी काढून सहा किलो वजन कमी केले असते तर काय झाले असते, याचाही हिशेब मी नंतर करून पाहिला. वेगात अर्ध्या किलोमीटरचाही फरक पडत नाही.

हे मला माहीत असायला हवे होते, कारण यातले गणित शाळेतले आहे. पण सायकलच्या बाबतीत आपण कष्ट आणि वेदना यांची इतकी गल्लत केलेली आहे की मोटरने वेदना कमी केली म्हणजे कष्टही कमी केले, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. गिअरांच्या बाबतीतही हेच झाले होते. टूर द फ्रान्सच्या संस्थापकाचा गिअर बदलण्याच्या यंत्रणेला कडवा विरोध होता आणि त्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ साली. आज गिअरची सायकल चालवणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. सात युरोपीय शहरांतल्या लोकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात इलेक्ट्रिक सायकलवाल्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांइतकाच भरला, कारण प्रत्येक किलोमीटरला श्रम कमी पडत असले तरी ते लोक अधिक अंतर जातात. काकूच दोन वर्षांत ३,४०० किलोमीटर गेल्या आहेत. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत त्यांची साधी सायकल भिंतीला टेकलेली होती.

लबाडी असतेच, हेही मला ठाऊक आहे. २०१६ साली बेल्जियममध्ये झोल्डर येथे झालेल्या सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-मातीच्या वाटेवरच्या सायकल शर्यतीच्या, जागतिक स्पर्धेत एका तरुण महिला खेळाडूच्या सायकलच्या सांगाड्यात मोटर लपवलेली सापडली; तिच्यावर सहा वर्षांची बंदी आणि २०,००० स्विस फ्रँकचा दंड बसला, आणि तो बसायलाच हवा होता. तिथे सर्वांनी केवळ पायांवर चालवण्याचा नियम मान्य केलेला होता आणि मोटर लपवलेली होती. ही बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनेच २०१९पासून इलेक्ट्रिक माउंटन बाइकची स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू केली, कारण उघडपणे, सर्वांनी एकाच नियमाखाली वापरली तर मोटर ही फसवणूक ठरत नाही. युरोपीय संघात आणि इतरही अनेक देशांत सायकल म्हणून चालणाऱ्या गाडीला २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. ही मर्यादा सॉफ्टवेअरमधून उडवून द्या, असे सांगत माझ्याकडे येणारे लोक आहेत, आणि तशी गाडी सायकलींच्या वाटेवर घालून ते वर आपल्या वेगाच्या नोंदी मिरवतात. त्यांना मी परत पाठवतो. काकूंची बॅटरी मात्र दांड्यावर सर्वांना दिसेल अशी बसवलेली आहे. त्यांनी कोणापासून काहीही लपवले नव्हते.

हे सगळे मी काकूंना चढावरच उभे राहून सांगितले आणि पुढे म्हणालो की आकडे लिहून देतो, जुनी चेनही बांधून देतो, गटात दाखवा. त्यांनी थोडा वेळ विचार केला.

"बाकी कुणाची चेन मोजलीत तुम्ही?" त्यांनी विचारले. "तिथं काही जण अर्ध्या वाटेवर दुसऱ्याच्या मागं वारा चुकवत येतात. त्यांना कुणी वॅट विचारत नाही. मग मीच कशाला पुरावा घेऊन उभी राहू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मोटर राहू द्या, असे त्यांनी सांगितले, नव्या चेनचा हिशेब चुकता केला आणि जुनी चेन माझ्याच बाकावर ठेवून त्या गेल्या. पुढच्या फेरीला जाणार का, हे मी विचारले नाही.

संध्याकाळी तो तरुण सायकल घ्यायला आला. चेन वापरत नाहीस तर पेडल कशाला ठेवलीस, असे काहीतरी वाक्य दुपारपासून माझ्या डोक्यात तयार होते. ते गिळून मी, रोज किती जातोस, एवढेच विचारले. जाऊन येऊन २२ किलोमीटर, असे तो म्हणाला. कामावर नऊ तास उभे राहावे लागते, पूर्वी मोटरसायकलने जात असे, ती आता विकून टाकली. सुट्टीच्या दिवशी मात्र मोटर बंद करून चालवून बघतो, अजून जमत नाही, असेही तो संकोचून म्हणाला. त्याने संकोचावे असे मी त्या क्षणी काहीही बोललो नव्हतो. ते त्याला आधीच कोणीतरी ऐकवलेले असणार, कदाचित माझ्यासारख्याच एखाद्या कारागिराने.

काकूंना चेन दाखवताना मी त्यांच्या बाजूने बोलतो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी आरोप करणाऱ्यांचीच मोजपट्टी हातात घेतली होती आणि काकू त्यात उत्तीर्ण झाल्या म्हणून खूश झालो होतो. त्याच पट्टीने त्याच दमात या मुलाला, त्याच्या पाठीमागे, नापास करून टाकले होते. चेन झिजली नसती तर काकूंना मी काय म्हणालो असतो, हा प्रश्न आठ दिवस झाले तरी माझ्या मनातून जात नाही.

मी त्याची चेन धुऊन पुसली, तेल घातले, मागच्या चाकात आलेला आउट काढला आणि मदतीची पातळी एकेक खाली आणत सवय कशी करायची ते त्याला डिस्प्लेवर दाखवले. आधी सपाट रस्त्यावर कर, चढावर घाई करू नकोस, असे सांगितले. तो गेल्यावर काकूंची जुनी चेन मी भंगाराच्या डब्यात टाकली.