काळी पाचची दोन नावं

पेटी शिकून मग कीबोर्डकडे वळलेली माझी मुलं आणि त्यांचे आईबाबा हमखास विचारतात : काळी पाचला, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला, ए शार्प (ए पेक्षा अर्धा सूर वर) म्हणायचं की बी फ्लॅट (बी पेक्षा अर्धा सूर खाली)? पट्टी एक, आवाज एक, मग नावं दोन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी कीबोर्डवर बसा. काळी तीन, काळी पाच आणि वरच्या सप्तकातली काळी एक एकत्र दाबा. थोडं थांबा. काळी पाचवरचं बोट वर, पांढरी सातवर जायला बघतंय ना? आता हात उचला आणि पांढरी एक, पांढरी तीन, काळी पाच दाबा. तोच सूर आता खाली, पांढरी सहाकडे ओढ घेतो. वर निघालेला तो ए शार्प, खाली उतरू बघणारा तो बी फ्लॅट. सासरी जी काकू, तीच माहेरी आत्या. कोण हाक मारतंय त्यावर नाव ठरतं.

लिहितानाही हेच. एफ मेजर या स्वरमालेत एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी, डी, ई असं प्रत्येक अक्षर एकेकदा येतं. ए शार्प लिहिलात तर ए दोनदा येतो आणि बी गायब होतो, वाचणारा अडखळतो.

हिंदुस्थानी संगीतात बारा सुरांना बाराच नावं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. कर्नाटक संगीतात मात्र बारा जागांना सोळा नावं आहेत. मेळात, म्हणजे रागांच्या मूळ सात सुरांच्या संचात, रे नंतर ग यायलाच हवा, म्हणून कनकांगी या मेळात आपला शुद्ध रे चक्क गांधार म्हणून येतो.

आणि 'आवाज एक' हेही पेटीपुरतंच खरं. काळी तीनला सा धरलात तर काळी पाच शुद्ध गांधार, पांढरी चारला धरलात तर तीच शुद्ध मध्यम. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात, पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांत (काळ्या-पांढऱ्या धरून) 100 सेंट. सुरेल गांधार सा पासून 386 सेंटवर असतो, पट्टी मात्र 400 वर बसवलेली. मध्यमात फरक जेमतेम 2 सेंटचा. ऐकायचंय? पेटीवर काळी तीन धरून ठेवा, पट्टी न दाबता गळ्यातून गांधार लावा, तो अगदी मिळाला की हळूच काळी पाच दाबा. दोन आवाजांत बारीक थरथर ऐकू येईल.