स्लीपिंग बॅगवरचा तो एक आकडा

रतनगड ते हरिश्चंद्रगड रेंज ट्रेकची तयारी करताना बाकी सगळं पटकन उरकलं. अडलं ते स्लीपिंग बॅगपाशी, आणि त्या विक्रेत्यावरचा राग अजून गेलेला नाही.

बॅगेवर ठळक अक्षरांत एकच आकडा होता: ०° से. हा आकडा कसला, असं विचारलं की दुकानात उत्तर मिळायचं, ‘शून्यापर्यंत चालते.’ लेखी विचारलं, तर तेच वाक्य लेखी आलं. पण आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेला वेगवेगळे आकडे असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानात बाई अंग सैल सोडून नीट झोपू शकते ते. ‘लिमिट’ म्हणजे पुरुष अंग आखडून आठ तास काढू शकतो ते. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे सहा तास जीव वाचेल एवढंच. तिथे झोपेचा प्रश्नच नाही. कम्फर्ट आणि लिमिटमध्येच साधारण पाच-सहा अंशांचं अंतर पडतं, एक्स्ट्रीम त्याच्याही खूप खाली. तो शून्य एक्स्ट्रीमचा असेल, तर डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहाटे पारा एक अंकी झाला की त्या बॅगेत कुडकुडतच रात्र जाणार. माणसाच्या झोपेशी, प्रसंगी जिवाशी संबंध असलेला आकडा असा मोघम छापणं मला अजिबात पटत नाही. मी चाचणीचा तक्ता मागत राहिलो. बरेच दिवस गेल्यावर त्याचा फोटो आला: शून्य एक्स्ट्रीमचाच होता. ती बॅग घेतली नाही. दुसरीकडे ५° कम्फर्ट स्पष्ट छापलेली, ९०० ग्रॅमची बॅग मिळाली तेव्हा खरंच हायसं वाटलं. तक्ता दाखवत नाहीत तिथे पैसे देऊ नका. थंडी जास्त वाजणाऱ्यांनी तर जेवढी थंडी अपेक्षित आहे, त्याहून चार-पाच अंश खालचा कम्फर्ट असलेली बॅग घ्यावी.

बॅग कितीही चांगली असली तरी अंगाखाली तिचं भरण दबतं, त्यात हवा उरत नाही आणि कातळाची थंडी थेट पाठीत शिरते. म्हणून मॅट. मॅटची ऊब आर-व्हॅल्यूत मोजतात (आकडा मोठा तेवढी ऊब जास्त) आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. घडीच्या फोम मॅटची साधारण २ असते. आपल्या हिवाळ्याला ती पुरते. हवेची मॅट मऊ, पण सह्याद्रीत कारवीचे खुंट आणि काटे आहेत, त्यामुळे माझा कौल फोमला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच कापून घ्या, पायाखाली रिकामी सॅक टाका. हवेचीच नेणार असाल तर तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत साठते. आणि टम्म ठेवू नका. कुशीवर झोपल्यावर कंबर जमिनीला टेकणार नाही इतपतच हवा ठेवा.

वजनाचं गणित सॅक, निवारा, बॅग आणि मॅट या चारांतच आहे. माझे चारही मिळून साडेतीन किलोच्या आत बसतात. सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी मोठी घेतली की ती भरलीच जाते. पाणी लिटरला एक किलो, तेव्हा टाकी-झरे कुठे आहेत आणि त्या महिन्यात त्यांना पाणी असतं का, हे आधी विचारून ठेवा. वाटेवरच्या कुमशेत आणि पाचनई या गावांत सांगून ठेवलं तर घरगुती पिठलं-भाकरी मिळते. तेवढा शिधा आणि इंधन कमी.

झोपायचे कपडे वेगळे आणि कोरडे हवेत: एक थर्मल, लोकरीचे मोजे, माकडटोपी. दिवसभर घामेजलेला शर्ट अंगात ठेवून बॅगेत शिरलं की ऊब धरत नाही. उशी म्हणजे पिशवीत कोंबलेलं जॅकेट. झोपण्याआधी मूठभर शेंगदाणे-गूळ खा आणि लघवीला जाऊन या, आळस करू नका. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवली तर बराच वेळ ऊब टिकते.

तंबू घळीत किंवा पाण्याजवळ लावू नका. थंड हवा खाली उतरून तिथेच साचते, दवही जास्त पडतं. जरा वर चढून झाडाच्या आडोशाला जागा शोधा. दोन्हीकडची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते. पिसांची बॅग भिजली की तिची फुगी बसते, म्हणून ती प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत न्या. घरी आल्यावर मात्र गुंडाळून ठेवू नका, मोकळी टांगा.